घोरणाऱ्याला विचारू नका

घोरण्याला आपल्याकडे कुणी आजार मानत नाही. मराठीत घोरणे, कन्नडात गोरके, गुजरातीत नसकोरां. तिन्ही भाषांत शब्द उच्चारला की घरातली पोरे हसतात. लग्नघरी वऱ्हाड एका हॉलमध्ये झोपले की कुठल्या कोपऱ्यात कोणते काका आहेत हे अंधारातही आवाजावरून सांगणारे लोक आहेत. रात्रीच्या रेल्वेत वरच्या बर्थवरचे गृहस्थ मिरजेला जो सूर लावतात तो पुणे आले तरी सोडत नाहीत आणि सकाळी उतरताना सगळ्या डब्याला ऐकवतात, "काय हो, रात्रभर डोळ्याला डोळा नाही!"

डबा हसतो, पण ते गृहस्थ खोटे बोलत नसतात. घोरणारा झोपलेला दिसतो, पण त्याला झोप मिळतेच असे नाही. नीट कान देऊन ऐकले तर अशा माणसाचा सूर मधेच तुटतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी अर्धा मिनिट काहीच आवाज नाही. बाजूची माणसे म्हणतात, सुटलो एकदाचे. मग एकदम घशातून हिसका आल्यासारखा मोठा आवाज होतो आणि गाडी पुन्हा सुरू. खरे घाबरायचे ते या शांततेला. तेवढा वेळ त्या माणसाचा श्वास बंद असतो.

याचे नाव स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जिभेचा मागचा भाग आणि पडजीभेकडचा मऊ भाग मागे सरकतो आणि हवेची वाट मिटते. छाती ओढ घेत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो. मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, वाट उघडतो आणि पुन्हा झोपतो. हे जागे होणे इतके छोटे असते की सकाळी त्यातले काही आठवत नाही. श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा फार मंदावला की एक वेळ मोजतात. तासाला पाचाच्या आत चालते. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. तीस म्हणजे सात तासांच्या रात्रीत दोनशेहून अधिक वेळा! एवढ्या वेळा कुणी खांदा हलवून उठवले तर दुसऱ्या दिवशी आपण काय कामाचे राहू? त्यातूनच दिवसा पेंग, सकाळी जड डोके, रात्री तीनतीनदा लघवीला उठणे, विसरभोळेपणा, चिडचिड आणि गोळ्या घेऊनही न उतरणारा रक्तदाब हे सगळे मागोमाग येते.

हे श्रीमंत देशांचे दुखणे आहे असे म्हणायची सोय नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. शंभरात साडेसात जणांना दिवसाच्या पेंगेसकट हा आजार निघाला. ही मंडळी आजारी म्हणून आलेली नव्हती. २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी देशभरातले अभ्यास एकत्र केले तेव्हा प्रौढांमधले प्रमाण सुमारे ११ टक्के निघाले. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी कारण म्हणून याच आजाराचे नाव घेतले. तोवर अनेकांनी हे दोन शब्द ऐकलेही नव्हते. जाड माणसालाच हा होतो हीही समजूत अर्धीच खरी. वजन आणि जाड मान ही मोठी कारणे आहेतच, पण जबडा लहान किंवा मागे असला तर सडपातळ माणूसही सुटत नाही.

उपचाराची गोष्ट मोठी मजेची आहे. १९८० पर्यंत तीव्र रोग्याला गळ्याला भोक पाडून नळी बसवण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात सिडनीला डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीचा उपयोग करून नाकातून हलक्या दाबाची हवा सोडली. हवेच्या त्या दाबाने मिटणारी वाट रात्रभर उघडी राहिली आणि रोगी कित्येक वर्षांनी गाढ झोपला. १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आले. आज ज्याला सीपॅप म्हणतात ते हेच. शाळेच्या डब्यापेक्षा थोडे मोठे यंत्र, एक लवचीक नळी आणि नाकावर बसणारा मास्क. औषध नाही, इंजेक्शन नाही. नुसती हवा.

आता या सगळ्यात टेलिमेडिसिन, म्हणजे डॉक्टर एका गावी आणि रोगी दुसऱ्या गावी, हे कुठे बसते? त्यासाठी बडोद्याला जाऊ या. कागदोपत्री ते कधीच वडोदरा झाले, पण आपल्या तोंडी बडोदेच आहे. गायकवाडांच्या काळापासून दांडिया बाजार आणि रावपुऱ्याच्या आसपास मराठी घरे आहेत. आपल्या भागातल्या किती मुली तिकडे दिलेल्या आहेत याची मोजदाद नाही. माझी एक मावसबहीण त्यांपैकीच. आम्ही सगळी तिला अक्का म्हणतो. माहेर चिकोडीकडचे, म्हणून अंगणात कन्नड आणि स्वयंपाकघरात मराठी अशी वाढलेली. तिकडे जाऊन तीस-बत्तीस वर्षे झाली, भाजीवालीशी झकास गुजराती बोलते. पण घाबरली की अजून कन्नडच बाहेर पडते.

दाजी, म्हणजे तिचे यजमान, बडोद्याजवळच्या एका कारखान्यात पाळीने काम करायचे. गेल्या काही वर्षांत ते जेवता जेवता पेंगू लागले. सिग्नलला स्कूटर उभी केली की मागच्यांनी हॉर्न वाजवल्यावर जाग यायची. त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर भले गृहस्थ, पण बाहेर रांग लागलेली. त्यांनी दाजींना विचारले, झोप कशी लागते? दाजी म्हणाले, "एकदम फर्स्ट क्लास. पाठ टेकली की लागते." खरेच होते ते! रक्त तपासले, ताकदीच्या गोळ्या मिळाल्या. अक्का शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिला कुणी काही विचारले नाही आणि नवऱ्याच्या घोरण्याबद्दल परक्या पुरुषासमोर आपण होऊन बोलायचे तिला जमले नाही. रात्री मात्र ती जागीच असायची, त्यांच्या छातीवर हात ठेवून, श्वास येतो का बघत. मुलांना सांगायची सोय नव्हती, कारण ती हसायची.

या आजाराची सगळी अडचण इथे आहे. मधुमेह रक्तात सापडतो, रक्तदाब पट्ट्याने मोजता येतो. स्लीप ॲप्निया दवाखान्याच्या खुर्चीत कधीच दिसत नाही, कारण तिथे रोगी जागा असतो. जो भोगतो त्याला माहीत नसते आणि जिला माहीत असते ती रोगी नसते. म्हणून घोरणाऱ्याला विचारण्यात अर्थ नाही. अंथरुणाशेजारच्या माणसाला विचारावे.

पुढे भाच्याने खटपट करून आपल्याच भागातल्या एका छातीविकारतज्ज्ञाची व्हिडिओवरची वेळ घेतली. डॉक्टर इकडे, दाजी-अक्का बडोद्यात आपल्या पलंगावर बसलेले, मोबाइल उशीला टेकवून. डॉक्टरांनी दाजींचे नाव, वय विचारून झाल्यावर सरळ म्हटले, "अक्का, नीव हेळ्री." तुम्ही सांगा. मग अक्का बोलू लागली. "उसिर कट्टतैति," ती म्हणाली. श्वास कोंडतो. किती वेळ, दिवा लावल्यावर काय दिसते, उताणे झोपल्यावर जास्त होते का, ओठ निळे पडतात का, डॉक्टर विचारत गेले आणि ती सांगत गेली. दाजी तोंड उघडे टाकून ऐकत होते. हे सगळे आपल्याविषयी चालले आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळत होते. डॉक्टरांनी तिला एक काम दिले. रात्री मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण करायचे, छाती आणि तोंड दोन्ही दिसतील असे, आवाजासकट. दुसऱ्या दिवशी ते पाहून दाजी स्वतःच म्हणाले, करा काय करायची ती तपासणी.

बडोद्यात चांगले डॉक्टर नाहीत असा याचा अर्थ मुळीच नाही. १९४९ पासून तिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, सयाजीरावांच्या नावाचे मोठे सार्वजनिक रुग्णालय आहे. गाठ पडली होती ती भाषेची आणि संकोचाची. ती घरच्या पलंगावर, घरच्या भाषेत सुटली.

कायद्याने हे चालते का, असे पुष्कळजण विचारतात. चालते. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले. नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कोणत्याही भागातल्या रोग्याला व्हिडिओ, फोन किंवा लेखी निरोपावरून सल्ला देऊ शकतो असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. तुम्ही कुठल्या राज्याचे हा प्रश्न इथे येत नाही. आपण सीमाभागातल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे, असे कागद आपल्याला रोज मिळत नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे आणि एवढ्यावर भागत नाही असे वाटले तर डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासणीला बोलावले पाहिजे. नशेच्या आणि कडक नियंत्रणातल्या मनोविकाराच्या औषधांची चिठ्ठी फोनवरून देता येत नाही. हे उत्तमच, कारण झोप पुरत नाही म्हणून झोपेची गोळी घेणे या आजारात उलटू शकते. घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि मेंदूची जाग उशिरा येते. रात्रीच्या मद्याचेही तेच.

दुरून डॉक्टरकी ही कल्पना आपल्याकडे कोविडने आणली असेही नाही. २००० साली आंध्रातल्या अरगोंडा या खेड्यात अपोलोने तिची सुरुवात केली. २००२ मध्ये इस्रोच्या उपग्रहावरून चामराजनगरचे जिल्हा रुग्णालय बंगळूरच्या नारायण हृदयालयाशी जोडले गेले आणि हृदयाचा आलेख दूरच्या तज्ज्ञाला दिसू लागला. तेव्हा ताटलीएवढी नव्हे, मोठाली अँटेना लागायची. आता ते काम खिशातला फोन करतो. सरकारची ई-संजीवनी सेवा २०१९ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२० पासून घरबसल्या मोफत सल्ला मिळू लागला. कुणाकडे जावे हेच कळत नसेल तर पहिली विचारपूस तिथे करायला हरकत नाही.

तपासणीची पेटी दाजींच्या घरी आली तेव्हा मला बडोद्याचीच जुनी गोष्ट आठवली. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि राज्यात वाचनालयांचे जाळे उभे केले. ज्या खेड्यात वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरतीवर जायच्या. माणसाने पुस्तकाकडे यायचे त्याऐवजी पुस्तक माणसाकडे. इथे रुग्णालयातली रात्र पेटीत बसून घरी आली. फार काही नसते त्यात. नाकाशी एक बारीक नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. कोविडमुळे ऑक्सिमीटर आता घरोघरी ओळखीचा आहे. बडोद्यातलाच तंत्रज्ञ संध्याकाळी बांधून दाखवून गेला, सकाळी पेटी घेऊन गेला आणि दुपारपर्यंत आलेख इकडे डॉक्टरांच्या पडद्यावर होता. दाजींचा आकडा निघाला तासाला ४१. प्राणवायू एका क्षणी ७४ पर्यंत उतरलेला. अक्काच्या हाताने इतकी वर्षे जे मोजले होते तेच, फक्त आकड्यात.

घरच्या तपासणीला मर्यादा आहेत. ती मेंदूचे आलेख घेत नाही, म्हणून माणूस खरोखर किती तास झोपला हे तिला कळत नाही. पेटी बांधून कुणी निम्मी रात्र तळमळत जागला तर ते जागे तासही हिशेबात धरले जातात आणि आकडा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. लक्षणे दणदणीत आणि अहवाल कोरा असे झाले तर "काही नाही" म्हणून सुटका मानू नये, रुग्णालयात रात्रभर झोपून पूर्ण तपासणी करावी. ज्यांना हृदयाची कमजोरी आहे, जुना दमा किंवा फुप्फुसाचा आजार आहे, ज्यांना पक्षाघात होऊन गेला आहे, ज्यांचा प्राणवायू दिवसाही कमी असतो, त्यांनी पेटीच्या नादी लागूच नये. आणि मानेचा घेर, टॉन्सिल, नाकातले वाढलेले हाड हे फोनवरून नीट कळत नाही. एकदा तरी कुणीतरी बॅटरी घेऊन तोंडात डोकावले पाहिजे.

पेंगेचे मोजमाप करायला डॉक्टर एक प्रश्नावली देतात. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी ती १९९१ मध्ये केली. आठ प्रसंग, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, चोवीसपैकी दहाच्या वर गेले तर लक्ष द्यायचे. वाचताना, टीव्ही बघताना, सभेत स्वस्थ बसल्यावर, तासभर गाडीतून जाताना, दुपारी आडवे झाल्यावर, कुणाशी बोलताना, दुपारच्या जेवणानंतर मद्य न घेता बसल्यावर, रहदारीत गाडी थांबल्यावर डुलकी लागते का? आमच्या एका वृद्ध नातेवाईक बाईंना हे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, मी वाचत नाही, गाडी चालवत नाही आणि मद्याचे काय विचारता मेल्यांनो! अशा वेळी प्रश्न आपल्या भाषेत आणि आपल्या घरात आणावे लागतात. सत्यनारायणाच्या कथेत डुलकी लागते का? जप करताना माळ हातातून पडते का? शेंगा सोलता सोलता? चांगला डॉक्टर ते करतो, पण त्याला तुमचे घर माहीत पाहिजे, म्हणून सांगणारे घरचे माणूस जवळ पाहिजे.

खरी लढाई सुरू होते मास्क आल्यावर. दाजींना यंत्र बसवायला माणूस घरी आला, मास्क नाकावर जमवून गेला. हे काम हातानेच होते, व्हिडिओवर नाही. पहिल्या आठवड्यात दाजी रोज सकाळी फोनवर सांगायचे, "रात्रभर लावतो." यंत्र मात्र वेगळेच सांगत होते. हल्लीच्या बऱ्याच यंत्रांत छोटे सिम असते. किती तास वापरले, हवा किती गळते, श्वास अजून किती वेळा थांबतो, हे सगळे रोज डॉक्टरांना दिसते. तिकडे दिसत होते, एक तास पन्नास मिनिटे! डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी विचारले, एक-दोनच्या सुमाराला काय होते? उत्तर अर्थातच अक्काने दिले. तोंड उघडते, हवा तोंडातून फसफस बाहेर येते, घसा कोरडा पडतो आणि ते मास्क काढून फेकतात. मग नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क आला, हवेला ओलावा देणारी पाण्याची टाकी जोडली, दाब हळूहळू वाढेल असे यंत्रात दुरूनच बदलले. महिनाभराने साडेपाच तास. आता दाजी भरूचला जाताना गाडी स्वतः चालवतात, पण आधी रात्रीचे तास अक्काला दाखवावे लागतात. हा नियम तिचा.

लक्ष ठेवणारा असला की वापर वाढतो हे नुसते आमच्या घरचे मत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात कैसर परमनन्टे या संस्थेने ५५६ रोग्यांवर ते तपासले, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पद्धतीत तीन महिन्यांनी रोगी सरासरी ३.८ तास यंत्र वापरत होते. ज्यांना संगणकावरून माहिती दिली आणि रोजच्या वापरावर आपोआप निरोपही पाठवले ते ४.८ तास. एक तासाचा फरक! गंमत अशी की नुसत्या माहितीने फारसा फरक पडला नव्हता. कुणीतरी बघते आहे, एवढ्याने पडला.

बढाईही मारू नये. सीपॅपने हृदयविकाराचे झटके टळतात का हे बघायला २७१७ रोग्यांची मोठी चाचणी झाली, ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि उत्तर आले, तसे दिसले नाही. त्या रोग्यांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरले होते, हेही खरे. पेंग मात्र कमी झाली, मन सुधारले, कामावरच्या रजा कमी झाल्या. मला विचाराल तर तेवढ्यासाठीही ते घ्यावे. राष्ट्रीय महामार्ग ४८ बडोद्याला शिवून मुंबई, पुणे, कोल्हापूर करत आपल्या निपाणी-बेळगावातून पुढे जातो. त्या एकाच रस्त्यावर रोज रात्री किती ट्रक आणि टँकर चालतात! स्टिअरिंगवर पेंगणाऱ्याचा दोष नुसता त्याच्यापुरता राहत नाही. नोकरी जाईल म्हणून चालक हा आजार लपवतात. त्यांना धमकावण्यापेक्षा घरी पेटी पाठवणे स्वस्त पडेल.

पैशाचेही बोलले पाहिजे. चांगले स्वयंचलित यंत्र तीस-चाळीस हजारांपासून पुढे जाते. म्हणून लोक वापरलेले यंत्र नात्यातून घेतात. तसे घेताना मॉडेल आणि साल विचारा. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने जगभरातली लाखो यंत्रे परत मागवली होती, आतला आवाज कमी करणारा फोम झिजून त्याचे कण आणि वाफा श्वासात जाऊ शकतात म्हणून. दुसऱ्याच्या दाबावर लावलेले यंत्र तसेच वापरायचे नाही आणि मास्क तर नवाच घ्यायचा. आणखी एक. यंत्र विकणारेच हल्ली "फोनवर मोफत तज्ज्ञाचा सल्ला" देतात. तपासणारा आणि विकणारा एकच असला की कुणाचा आकडा कमी निघेल? सल्ला वेगळ्या डॉक्टरांचा घ्या, दुकान मागून.

यंत्राला कंटाळलेले विचारतात, दुसरे काही नाही का? सौम्य आजारात आहे. वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, दंतवैद्याकडून खालचा जबडा पुढे धरणारे साधन करून घेणे. वजन घटवणाऱ्या तिर्झेपटाइड या इंजेक्शनला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लठ्ठपणासह असलेल्या या आजारासाठी मान्यता मिळाली. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे. घशाचे व्यायामही आहेत. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पंचवीस रोग्यांपैकी काहींना चार महिने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे डिजेरिडू हे लांब फुंकवाद्य शिकवले, त्यांची पेंग आणि श्वास थांबणे दोन्ही कमी झाले. हे वाचून आमच्या गल्लीतल्या सनईवाल्याने मिशीला पीळ दिला. गाणे शिकून हा आजार बरा होतो असे मात्र कुणी सिद्ध केलेले नाही. बप्पीदा गातच होते.

शेवटी अक्काविषयी. दाजींच्या तिसऱ्या व्हिडिओभेटीत डॉक्टरांनी सहज विचारले, "तुमची झोप कशी आहे?" ती म्हणाली, आता ते घोरत नाहीत तरी मला रात्री चारदा जाग येते, सकाळी डोके धरते, दिवसभर अंगात शीण. डॉक्टर थोडे थांबले. पाळी गेल्यानंतर बायकांतही हा आजार वाढतो, पण तो घोरण्याच्या मोठ्या आवाजाने येत नाही. शीण, निद्रानाश, डोकेदुखी, उदासपणा अशा रूपाने येतो आणि त्याला वयाचे किंवा मनाचे नाव देऊन मोकळे होतात. शिवाय नवऱ्याची झोप गाढ, त्यामुळे बायकोच्या श्वासावर पहारा कुणाचा? डॉक्टरांनी दाजींना तेच काम दिले जे आधी तिला दिले होते. रात्री जागायचे आणि दोन मिनिटांचे चित्रण करायचे. दोन रात्री दाजी मास्क लावून बसल्या बसल्या झोपी गेले. तिसऱ्या रात्री जमले. पेटी पुढच्या मंगळवारी येते आहे.